मदत हवी आहे: सेतूचा जुना कॉम्प्युटर शाळेला द्यायचा आहे, हार्ड डिस्क पूर्ण कोरी कशी करू?

मंडळी, यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं सेतू आणि झेरॉक्सचं दुकान आहे. नवा कॉम्प्युटर घेतला, म्हणून जुना डेस्कटॉप गावातल्या जिल्हा परिषद शाळेला द्यावा म्हणतो. सेकंड जनरेशन आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. अडचण अशी, की अर्ध्या गावाची आधार कार्डं, पासबुकं आणि पीकविम्याचे कागद त्यात स्कॅन होऊन पडले आहेत.

तालुक्याचा दुकानदार म्हणते, "आणा, दहा मिनिटात फॉरमॅट मारून देतो." मला काही पटलं नाही. घरीच एका पेनड्राइव्हवर माझ्याच पासबुकाचे स्कॅन टाकले, क्विक फॉरमॅट केलं आणि रेक्युव्हा, म्हणजे पुसलेल्या फाइली परत काढणारं सॉफ्टवेअर, चालवलं. खाते नंबर, आयएफएससी कोड, बँकेचा गोल शिक्का, सगळं जसंच्या तसं वर आलं!

मग पुसायचं कशानं? आणि इथं लाइनचा भरवसा नाही. मधेच गेली तर डिस्क बाद होईल का? नंतर त्यात टाकू काय?

खामगावकर:
भाऊ, क्विक फॉरमॅटमध्ये फाइलींची यादी तेवढी पुसल्या जाते. सातबारावरून नाव कमी केलं म्हणून वावर कुठं जात नाही. विंडोजच्या बूटेबल पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ-१० दाबा. कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडते, तिथं एकेक कमांड लिहून एंटर मारा: डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि नंबर, मग क्लीन ऑल. हे सगळं इंग्रजीतच टाइप करायचं. नुसतं 'क्लीन' लिहिलं तर पुन्हा तेच रडगाणं. 'ऑल' लावलं की डिस्कच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत शून्य लिहिल्या जातात. एकदा पुरे, सात-सात वेळा घासत बसू नका.

नंबर मात्र साइज पाहूनच टाका. ५०० ची डिस्क तिथं ४६५ जीबी दिसते. बॅकअपची डिस्क आधीच काढून ठेवा, नाहीतर तीच साफ व्हायची.

काही तास लागतील. स्क्रीनवर टक्केवारी येत नाही, कर्सर नुसता लुकलुकत राहतो; हँग झालं समजून बंद करू नका. लाइन गेलीच तर सहसा डिस्कला काही होत नाही, पण काम अर्धवट राहते. डिस्क रिकामी दिसते आणि मागचा भाग भरलेलाच असतो. पुन्हा पहिल्यापासून चालवा.

झेरॉक्सवाली ताई:
दादा, जुने अर्ज कृतिदेवमध्ये असतील तर फॉन्टची फाइलही काढून घ्या. आमच्या नव्या मशीनवर दाखल्यांचे सगळे नमुने इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडले होते. आणि डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून पाहा. 'कॉशन' दाखवत असेल तर ती डिस्क शाळेला देऊच नका. ड्रिलनं भोकं पाडा आणि लहानशी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून द्या. एसएसडीनं तो आय-थ्री पळेलही बरा.

खामगावकर:
विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाका, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ४ जीबीत चालते.

धागाकर्ता:
आभारी आहे. डिस्क 'गुड' दाखवते, क्लीन ऑल इन्व्हर्टरवर लावलं आहे. मुख्याध्यापक म्हणतात पोरांना मराठी टायपिंग शिकवायचं. मिंटमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड कुठून चालू करायचा?