जुन्या पीसीवर विंडोज एक्सपी की विंडोज सेव्हन? माझं मत एक्सपीला

उद्यमनगरवाला:
वर्कशॉपमधला पीसी कोअर टू ड्युओ, रॅम २ जीबी, साधी हार्डडिस्क. काम एकच, सिरीयल पोर्टवरून (जुन्या पद्धतीच्या केबलच्या जोडणीतून) सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनला, प्रोग्रॅम सोडणं. सगळे म्हणतात सेव्हन टाक. मला पटत नाही. एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम पुरायची, सेव्हनला १ जीबी लागते. निम्मी रॅम विंडोजनंच खाल्ली तर कामाला काय उरणार? आणि एक्सपी विंडोज ९८ सारखी उठसूट अडकत नाही, ती एनटी या ऑफिससाठीच्या जास्त भक्कम विंडोजच्या पायावर उभी आहे.

छापखाना महाद्वार रोड:
भावा, रॅमचं गणित तसं नाही. सेव्हन मोकळी रॅम सुपरफेचसाठी, म्हणजे नेहमीचे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवायला, वापरते, दुसऱ्या प्रोग्रॅमला लागली की लगेच सोडते. आकडा बघून घाबरू नकोस. स्थिर कोण म्हणशील तर सेव्हनच. एक्सपीत ग्राफिक्स ड्रायव्हर लटकला की बहुतेक वेळा निळी स्क्रीन, पत्रिकेचं अख्खं काम पाण्यात. सेव्हनमध्ये स्क्रीन क्षणभर काळी होते, ड्रायव्हर पुन्हा उभा राहतो आणि फाइल जागच्या जागी असते. शिवाय युनिकोड मराठीसाठी एक्सपीत सीडी घालून वेगळा सपोर्ट चढवावा लागायचा. सेव्हनमध्ये कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट आधीच आहेत.

उद्यमनगरवाला:
मला पत्रिका छापायच्या नाहीत की. मशीनला जी-कोड, म्हणजे कुठं किती कापायचं त्या सूचना, पाठवायचाय, त्यात फॉन्ट कुठं आला?

शिरोली मेंटेनन्स:
मी उद्यमनगरवाल्याच्या बाजूनं. चालू मशीनला हात लावू नये. डीएनसीचं, म्हणजे पीसीवरून मशीनला प्रोग्रॅम पाठवायचं, जुनं सॉफ्टवेअर सेव्हनवर चाललं नाही तर शिफ्ट बंद, आणि ऑर्डर थांबत नसते. सेव्हन प्रोफेशनलमधला एक्सपी मोड, म्हणजे सेव्हनच्या आतच एक्सपी चालवायची सोय, २ जीबीत ओढतच चालणार. पण नेटची वायर काढायचीच. एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, ८ एप्रिल २०१४ ला संपलाय.

रंकाळा नाका:
सपोर्ट सेव्हनचाही १४ जानेवारी २०२० ला संपला. तेव्हा नेटला दोन्ही नकोत, हे धरूनच बोलूया. माझी काळजी पेनड्राइव्हची आहे. ड्रॉइंग ऑफिसातून प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरच येतात ना? कॉन्फिकर व्हायरस नेट नसलेल्या मशीनवर ऑटोरनमधूनच (पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालू होणं) घुसायचा. सेव्हननं पेनड्राइव्हचं ऑटोरन मुळातच बंद ठेवलं. आणि उद्या एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) बसवलीस तर ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाली हे डिस्कला सांगणं, सेव्हनला कळतं, एक्सपीला नाही. जुन्या पीसीला खरा वेग एसएसडीनंच येतो, विंडोज कुठली का असेना.

उद्यमनगरवाला:
पेनड्राइव्हचं मानलं. पण ऑटोरन एक्सपीतही बंद करता येतं, ते आजच करतो. एसएसडी घेतली की दुसऱ्या डिस्कवर सेव्हन टाकून डीएनसी चालवून बघणार. एक्सपीची डिस्क मात्र पुसणार नाही.

छापखाना महाद्वार रोड:
चालवताना मोठी फाइल सोड. छोट्या प्रोग्रॅमला दोन्ही सारख्याच वाटतात.