फाट्याचा क्रमांक रस्त्यावरच रंगवावा का?

घाटवाट : मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गावरील प्रत्येक फाट्याला क्रमांक द्यावा आणि तो बाणासह मार्गिकेतच, रस्त्यावर मोठ्या अक्षरांत रंगवावा, असे माझे ठाम मत आहे. गेल्या पावसाळ्यात पालीला निघालो असताना डावीकडून एक लांबलचक कंटेनर बरोबरीने चालला होता; त्याच्या आड खोपोलीचा फलक पूर्ण झाकला गेला आणि फाटा दिसला तेव्हा मी मधल्या मार्गिकेत होतो. तो हुकला की घाट चढून लोणावळा गाठल्याशिवाय परत फिरता येत नाही, म्हणून कित्येक जण ऐनवेळी तिरके घुसतात. ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर पुढे जाते, तिथे असे घुसणे जिवावर बेतते.

कळंबोलीकर : आपली अडचण खरी आहे, उपाय मात्र पटत नाही. ज्या कंटेनरने फलक झाकला, तसाच एखादा पुढे असता तर रस्त्यावरचा आकडाही त्याच्या चाकांखालीच गेला असता. थर्मोप्लास्टिक म्हणजे वितळवून रस्त्यावर लावलेल्या रंगातील काचेचे बारीक मणी रात्री दिव्यांचा प्रकाश परत फेकतात. पण रस्त्यावर पाण्याचा थर साचला की ते बुडतात आणि खूण दिसेनाशी होते. खंडाळ्याच्या पावसात, जेव्हा तिची गरज सर्वाधिक, तेव्हाच ती दगा देणार. तोच खर्च वरच्या कमानींवरील फलकांवर करावा.

बोस्टनवासी : इकडे जिथे महामार्ग दुभंगतो तिथे मार्गक्रमांकाची ढाल, म्हणजे क्रमांक असलेली ढालीच्या आकाराची खूण, रस्त्यावर रंगवलेली आढळते. चालक ती फार तिरक्या कोनातून पाहतो, म्हणून ती मुद्दाम ताणून लांब काढतात. जवळ उभे राहून पाहिली तर बेढब वाटते, गाडीतून मात्र प्रमाणबद्ध दिसते. परंतु ती वरच्या फलकाला जोड म्हणून असते, त्याच्याऐवजी नव्हे. क्रमांक अंतरावरून द्यावेत, हेही सांगावेसे वाटते. मॅसॅच्युसेट्समध्ये ते पूर्वी ओळीने होते, त्यामुळे मध्ये नवा फाटा निघाला की ‘11ए’ अशी ठिगळे लावावी लागत. 2020-21 मध्ये ते मैलांवरून दिले गेले. आय-90 या महामार्गावरचा तोच 11ए आता 106 झाला, आणि लोक गोंधळू नयेत म्हणून जुना क्रमांकही काही काळ पाटीवर ठेवला.

सिंदखेडकर : अंतरावरून क्रमांक देण्यास माझा पूर्ण पाठिंबा आहे. समृद्धीवर अपघात झाला की बातमीत ‘चॅनल क्रमांक’, म्हणजे महामार्गाच्या सुरुवातीपासूनच्या अंतराचा आकडा, छापून येतो, पण मदत मागणाऱ्या प्रवाशाला तो माहीत असतोच असे नाही. फाट्याचा क्रमांक त्याच मोजणीचा असेल तर फोनवर ठिकाण सांगणे किती सोपे होईल! मात्र गावाचे नाव काढू नये. 2010 च्या फेररचनेत राष्ट्रीय महामार्ग 4 चा मुंबई–पुणे भाग 48 झाला, तरी आमच्या घरातील वडीलधारी अजून ‘चार नंबर’च म्हणतात.

घाटवाट : कमानीचा फलक हवाच, हे मान्य. रस्त्यावरच्या खुणेचा आग्रह मी सोडत नाही. कोरड्या दिवशी, कमान येण्याच्या कितीतरी आधी, ती योग्य मार्गिका धरायला लावते.

कळंबोलीकर : मग दर पावसाळ्यानंतर ती नव्याने रंगवण्याची अट कंत्राटातच घालावी लागेल, कारण अर्धवट पुसलेला बाण चालकाला भलत्याच मार्गिकेत नेतो आणि त्यापेक्षा कोरा रस्ता परवडला.