सुरुवातीलाच इन्सुलिन: घाई की शहाणपण?

कोथरूडकर: मेहुणा ४१ वर्षांचा, अंगाने बारीक. मधुमेह नुकताच कळला, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) ११.४. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस इन्सुलिन घ्या, मग बघू. घरात एकच ओरड: एकदा सुई लागली की जन्मभर सुटत नाही! मला मात्र डॉक्टरांचं पटतं. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत साखर चढली की पीडीएक्स-१ नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि माफ-ए, न्यूरोडी-१ यांच्या जोडीने इन्सुलिनचं जनुक चालू करतं. पण साखर आठवडेच्या आठवडे चढीच राहिली तर पीडीएक्स-१ आणि माफ-ए हेच रोडावतात, जनुक थंडावतं. मग साखर झटपट उतरवली तर बिघडलं काय?

पेठेतला: यातलं बरंचसं उंदरांच्या आणि प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींत पाहिलेलं. तुमचा मेहुणा बशीत राहत नाही. शिवाय जेवल्यावर लगेच जे इन्सुलिन सुटतं त्यात जनुकाचा हात नसतोच. पेशीत कॅल्शियम शिरतं, इन्सुलिन साठवलेल्या कणिका रिकाम्या होतात. नवं इन्सुलिनही आधीच तयार असलेल्या आरएनएवरून, म्हणजे जनुकाच्या नकलेवरूनच बनतं. सुईच्या समर्थनाला जनुक कशाला?

कोथरूडकर: तासाभराचा हिशेब मान्य. मी महिन्यांचं बोलतोय. २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात चीनमधला अभ्यास आला. नव्या रुग्णांची साखर, काहींची इन्सुलिनने तर काहींची गोळ्यांनी, काही आठवड्यांत आटोक्यात आणून उपचार थांबवले. इन्सुलिनवाल्यांपैकी जवळपास निम्म्यांना वर्षानंतरही औषध लागत नव्हतं. गोळ्यावाल्यांत असे पावाहून थोडेच जास्त. सुटली ना सुई?

पर्वतीची_पायरी: सुई हवीच कशाला? ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत नुसतं वजन उतरवून वर्षभराने ४६ टक्के लोक मधुमेहातून बाहेर आले.

कोथरूडकर: त्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २७ च्या वरचेच लोक होते, ताई. मेहुण्याचा २२. अर्थात आपल्याकडे त्या आकड्यावरही भरवसा नाही. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. युडकिनबरोबर स्वतःचाच फोटो छापला होता, २००४ साली. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, आपल्या पुणेकराची २१.२!

पेठेतला: फोटो झकास, पण मुद्दा राहिला. बारीक माणूस, चाळिशी, साखर एवढी. जीएडी अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीचा बीटा पेशींवरचा हल्ला दाखवणारी) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते सांगणारी) या रक्ततपासण्या केल्यात का? स्वतःचीच प्रतिकारशक्ती बीटा पेशी खात असेल तर इन्सुलिनची सुई सुटणार नाही. 'सुटेल' असं घरी सांगून बसला असाल तर आधी ते थांबवा.

कोथरूडकर: सांगून बसलोय. जीएडी केलेली नाही. सोमवारी रक्त देतोय.