फॅमिली ग्रुप : ‘कोपऱ्याला खिळा नाही म्हणजे?’

मुग्धा (एडिसन): शनिवारी गिब्सटाऊनला जाऊन आलो. न्यू जर्सीतच, डेलावेअर नदीकडचं लहानसं गाव. फोटोत मोठ्या घराला चिकटलेलं बुटकं दिसतंय ना, ते नॉथनॅगल लॉग हाऊस. १६३८ ते १६४३ च्या दरम्यानचं सांगतात.

आत्या: अगं, मला तो मोठ्या घराचा गोठा वाटला!

मुग्धा: 😀 मोठं घर नंतरचं, अठराव्या शतकातलं. मूळ घर एवढंच, १६ बाय २२ फूट.

दादा: ३५२ स्क्वेअर फूट. आमचा डोंबिवलीचा वन आरके.

बापूकाका: १६३८ म्हणजे महाराज आठ वर्षांचे. तेव्हा तिथे इंग्रज होते का?

मुग्धा: नाही काका, तिथे स्वीडनची वसाहत होती. १६३८ मध्ये आत्ताच्या विल्मिंग्टनला त्यांनी किल्ला बांधला. बरोबर फिनलंडचे लोक आले, कारण फिनलंड तेव्हा स्वीडनकडे होतं. यातले बरेच जंगलात राहणारे, झाडं जाळून त्या राखेत राय नावाचं धान्य पेरणारे. आपल्याकडच्या कुमरीसारखंच. ओंडक्यांचं घर बांधायची हातोटी यांनी आणली, इंग्रजांकडे ती रीत नव्हती. पुढे लिंकन जन्मला तेही असल्याच घरात. वसाहत मात्र १७ वर्षांत आटोपली. १६५५ ला डचांनी घेतली, १६६४ ला डचांकडून इंग्रजांनी.

बापूकाका: १६६४! जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली ते साल. बरं, कोपऱ्याचा फोटो झूम केला. खिळा दिसत नाही.

मुग्धा: नाहीच. ओंडके तासून चौकोनी केलेत आणि टोकांना कबुतराच्या शेपटीसारख्या खाचा. वरचा ओंडका खालच्यावर बसला की बाहेर सरकत नाही. इतके घट्ट, की मध्ये लिंपणसुद्धा लागलं नाही.

बापूकाका: डव्हटेल. आमच्या सुताराला ड्रॉवरला एक धड जमला नाही, त्याला हा फोटो दाखवतो.

मामी: सुप्रभात 🌹 हसत राहा

आत्या: आत जमीन कशी होती गं?

मुग्धा: आत नाही गेलो, खाजगी घर आहे. पण आधी मातीचीच होती, १७३० च्या सुमारास लाकडाची केली म्हणे. २०१७ मध्ये २९ लाख डॉलरला विकायला काढलं होतं. अट काय, तर मालकांना तिथेच राहू द्यायचं, आल्यागेल्याला घर तेच दाखवणार.

दादा: तेव्हाचे १८-१९ कोटी! आणि वर जुना मालक घरातच 😂

आत्या: हसू नकोस. माणूस राहिलं, चूल पेटली, म्हणून टिकलं ते. आपल्या माजघराच्या तुळईला वाळवी कधी लागली? आई मुंबईला आली आणि चूल थंडावली त्यानंतरच ना? मे महिन्यात शाकारणीला कोण कोण येतंय ते आधी सांगा.

बापूकाका: मी आहे.

बापूकाका: बाकीच्यांच्या निळ्या टिका दिसतायत मला.