अपघातानंतर विजेची गाडी ६३ दिवस वर्कशॉपमध्ये. बॅटरीच्या दाव्यावर निर्णयच मिळत नाही

विश्रामबाग_सांगली (प्रश्न):
आमची विजेवर चालणारी गाडी दोन वर्षांची असून तिची आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) १०,४०,००० रुपये आहे. पेठ–सांगली रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॅक्टरला वाट देताना गाडी कडेच्या दगडांवर चढली. बंपर आणि डावीकडचा फेंडर गेला, तसेच तळाला, म्हणजे बॅटरीच्या आवरणाला, हातभर लांबीचा चेपा आला. लाल इशारा दिसू लागल्याने गाडी टोइंग करून कोल्हापूरच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली.

विम्यासाठी नुकसान तपासणारे सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी येऊन गेले आणि बंपर व फेंडर यांना मंजुरी मिळाली. बॅटरीबाबत मात्र वर्कशॉप म्हणते की पूर्ण पॅक बदलावा लागेल, तर विमा कंपनी म्हणते की आवरणाच्या दुरुस्तीवर भागेल. पॅकसह एकूण इस्टिमेट ७,९०,००० रुपयांचे आहे. पॉलिसी झिरो डेपची, म्हणजे सुट्या भागांच्या किमतीतून घसारा न कापणारी आहे. लेखी नकारही मिळत नाही. फोन केला की ‘फाइल वर पाठवली आहे’ एवढेच ऐकायला मिळते. वडिलांना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा मिरजेला न्यावे लागते, त्यासाठी भाड्याची गाडी करतो आणि कर्जाचा हप्ताही भरतो. दाद कोणाकडे आणि कोणत्या क्रमाने मागावी?

निवृत्त_विमा_सातारा:
आपल्या प्रकरणात दोन वेगळे विलंब एकमेकांत मिसळले आहेत आणि दोन्ही पक्षांना ते सोयीचे आहे. सुटा भाग येण्यास लागणाऱ्या वेळेला विमा नियमांत मुदत नाही, परंतु दाव्याच्या निर्णयाला आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरची नेमणूक २४ तासांत, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि अहवाल हाती आल्यापासून ७ दिवसांत विमा कंपनीचा निर्णय व्हायला हवा. म्हणून फोन करणे थांबवा, ईमेल पाठवा, त्यात या मुदतींचा उल्लेख करा आणि सर्व्हे अहवालाची प्रत मागा.

खरी अडचण आकड्यात असावी, असे मला वाटते. दुरुस्ती व गाडी उचलून नेण्याचा एकत्रित खर्च आयडीव्हीच्या ७५% हून अधिक झाला, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते, म्हणजे दुरुस्तीऐवजी आयडीव्हीच्या हिशेबाने रक्कम मिळते. आपल्या बाबतीत ती मर्यादा ७,८०,००० रुपये आहे. पॅक मान्य केला की ती ओलांडली जाते आणि केवळ आवरण मान्य केले की दावा एकदम लहान होतो. त्यामुळे ‘टोटल लॉस की दुरुस्ती’ हा प्रश्न त्यांना स्पष्ट शब्दांत लेखी विचारा. टोटल लॉस झाल्यास रकमेतून आधी बँकेचे कर्ज फेडले जाते, हेही आधीच लक्षात असू द्या.

कुपवाड_ऑटो_इलेक्ट्रिकल:
चेपा बाहेरून पाहून कोणालाच निर्णय देता येत नाही. पुष्कळ गाड्यांत सेलना थंड ठेवणारे कूलंटचे मार्ग तळपत्र्याला लागूनच असतात. तिथे बारीक गळती झाली तर उच्च दाबाचे विद्युत इन्सुलेशन हळूहळू खालावते, आणि हे गाडी सुरू होते की नाही यावरून कळत नाही. म्हणून इन्सुलेशनचा रोध, सेलमधील व्होल्टेजचा फरक, कूलंटची गळती आणि आवरणाची जलरोधकता यांच्या नोंदी तारखेसह मागा. त्या कागदावर नसतील, तर ‘बदलावा लागेल’ आणि ‘भागेल’ ही दोन्ही नुसती मते ठरतात.

आवरण दुरुस्त केल्यावर बॅटरीची वॉरंटी टिकेल का, हेही गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या. विमा कंपनीसमोर त्या पत्राला वजन असते. पॅक मागवण्यास लागणाऱ्या वेळेबद्दल मात्र वर्कशॉपला सरसकट दोष देऊ नये, कारण लिथियम बॅटरी धोकादायक माल म्हणून वाहून न्यावी लागते आणि ती साध्या पार्सलने येत नाही.

विश्रामबाग_सांगली:
दोघांचेही मनापासून आभार. ईमेलनंतर पाचव्या दिवशी सर्व्हे अहवाल मिळाला. त्यात बॅटरीविषयी ‘बाह्य आवरणास इजा’ एवढेच शब्द आहेत, चाचणीची एकही नोंद नाही. वर्कशॉपकडे चाचण्यांची लेखी मागणी आज केली आहे. विमा कंपनीचे उत्तर समाधानकारक नसेल तर पुढे काय करावे?

कराडकर_७२:
आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्यातील विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी) एका वर्षाच्या आत जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र लोकपाल फक्त विमा कंपनीविरुद्धची तक्रार ऐकतात. वर्कशॉपच्या दिरंगाईबद्दल सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेच जावे लागेल. विमा कंपनीविरुद्धचा तोच वाद आयोगात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत, म्हणून कोणता मार्ग धरायचा हे आधी ठरवा.

कुपवाड_ऑटो_इलेक्ट्रिकल:
एक गोष्ट राहिली आणि ती तातडीची आहे. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की बॅटरीचा चार्ज उतरत जातो आणि फार खाली गेला तर सेल कायमचे बिघडू शकतात. त्यानंतर विमा कंपनी त्याला अपघाताचा नव्हे, तर नंतरचा परिणामी बिघाड म्हणू शकते आणि असे नुकसान पॉलिसीत बसत नाही. गाडी वर्कशॉपमध्ये आली त्या दिवशी चार्ज किती टक्के होता आणि आज किती आहे, हे उद्याच सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या.