लेख स्वतः जमा करण्याची सोय 'वापरायला सोपी' आहे हे कसं तपासायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ग्रंथालयात काम करते. आमचा डिजिटल संग्रह डीस्पेस या सॉफ्टवेअरवर आहे आणि लेखकांनी आपला शोधनिबंध त्यात स्वतःच जमा करायचा असतो. ही सोय वापरायला कितपत सोपी आहे हे तपासायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी अडकलेय.

आधी एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही वापरातला सोपेपणा मोजणारी प्रश्नावली दिली. १० विधानं, प्रत्येकाला १ ते ५, शेवटी १०० पैकी गुण. सरासरी ६८ धरतात, आम्हाला त्याहून बरेच जास्त मिळाले. मग त्याच लोकांच्या शेजारी बसून पाहिलं. एका प्राध्यापिकांनी शीर्षक, सहलेखक, सारांश भराभर भरलं आणि फाइल जोडताना त्यांचा हात थांबला. त्यांच्याकडे तीन फायली होत्या: पहिला मसुदा, परीक्षणानंतर स्वीकारलेली प्रत आणि प्रकाशकाची छापील पीडीएफ. पानावर मात्र नुसतं 'फाइल निवडा'. "यातली कुठली चालेल हो?" मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून गप्प राहिले, पण फार जड गेलं. त्यांनी छापील पीडीएफ चढवली. वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकांचे बरेच प्रकाशक नेमकी तीच ठेवू देत नाहीत, स्वीकारलेली प्रत चालते, तीही अनेकदा ठरावीक मुदतीनंतर.

आयएसओ ९२४१-११ या वापरसुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मानकात परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान अशा तीन बाजू आहेत. इथे वेळ कमी लागला, बाई समाधानी होत्या, आणि जमा झाली ती चुकीची प्रत!

तर काम 'यशस्वी' कधी धरायचं? शेवटचं बटण दाबलं की, की योग्य प्रत योग्य मुदतीसह गेली की? आणि कुठली प्रत ठेवता येते याचं प्रकाशकाचं धोरण ओपन पॉलिसी फाइंडर (पूर्वीचं शेर्पा रोमिओ) या संकेतस्थळावर शोधण्याचा वेळ मोजायचा का? मला वाटतं मोजायलाच हवा, लेखकाची खरी दमछाक तिथेच होते. सहकारी म्हणतात, ते आपल्या पानाबाहेरचं आहे.

आणखी एक. चाचणीला पाच जण पुरतात असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांचं म्हणणं सगळे सांगतात. पण भौतिकशास्त्राची मंडळी १९९१ पासून अर्काइव्ह (arXiv) या ऑनलाइन संग्रहावर स्वतः लेख टाकत आलीत, आमच्या इतिहासाच्या लोकांनी असं पान कधी पाहिलेलंही नाही. दोघांना एकाच पाचांत कसं बसवू? गटागणिक वेगळे पाच घ्यावेत का?

कुणी अशी चाचणी घेतली असेल तर सहभागींना काम कोणत्या शब्दांत सांगितलंत तेवढं जरूर कळवा. 'स्वीकारलेली प्रत चढवा' असं मीच म्हटलं तर उत्तर आधीच सांगितल्यासारखं होतंय.