मोडी एकट्याने शिकावी की ग्रुपात?

लोणचंभाकरी:
आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले सात कागद सापडले. दोन महिने रोज संध्याकाळी कित्ता गिरवला. आता माझं मला लिहिता येतं, पण कागद समोर घेतला की एक ओळ सरकत नाही. शब्द कुठे तोडायचे तेच कळत नाही! मोडीच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल कळलंय, पण तिथे सगळे मुरलेले असणार. घरी थोडी तयारी करून मग जावं का?

बोरूवाली:
तयारी करून जाईन म्हणालात तर कधीच जाणार नाही. मी वर्षभर तेच करत बसले होते.

तुमचं अक्षरांवर अडलेलं नाही. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही. पुढे काय असणार याचा अंदाज असेल तरच वाचता येतं, आणि तेवढं सगळं एकट्या माणसाला कुठून माहीत असणार?

माझाच किस्सा. हिशेबाच्या एका कागदावर '५॥ रुपये' होतं. त्या दोन रेघा मी विरामचिन्ह समजले आणि पाच लिहून मोकळी झाले. बेरीज काही जुळेना. ग्रुपात एक काका आहेत, वडिलांचं किराणा दुकान होतं. मोडीचं अक्षर येत नाही त्यांना, नुसते बघायला आलेले. ते म्हणाले, "ताई, साडेपाच आहे ते. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण." पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, तोंडपाठ असलेला माणूस! आता हिशेब आला की आधी त्यांना हाक.

आणखी एकदा 'खाजण' वाचलं. मी देशावरची, असा शब्द कधी ऐकलेला नाही. 'खाजगी'च असणार म्हणून तीन दिवस त्या 'ण'चा 'गी' करायला बघत होते. गोव्याच्या एकीने सांगितलं, बरोबर वाचलंत, खाडीचं पाणी बांध घालून अडवलं की जी शेतं होतात ती. तिने गावच्या मानशीचा, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांचा, फोटोही टाकला.

फक्त एक करा. नुसता फोटो टाकून 'काय लिहिलंय?' विचारू नका (लोक चिडतात, मीही). आपलं वाचन सोबत टाका, चुकलेलं चालेल. अडलं तिथे प्रश्नचिन्ह.

दप्तरी:
+१. पण बहुमताने वाचू नका. आमच्याकडे शुहूर सनावरून (जुन्या कागदांतली कालगणना, आकडे अरबी शब्दांत) जुंपली होती. चौघांना 'इसन्ने सितैन मया व अलफ' (दोन, साठ, शंभर आणि हजार) दिसत होतं, मला 'सितैन'च्या जागी 'सबैन', म्हणजे सत्तर. थोडक्यात ११६२ की ११७२; इसवी सनात १७६१ की १७७१, दहा वर्षं इकडची तिकडे! शेवटी त्याच कारकुनाच्या दुसऱ्या कागदातला 'ब' शेजारी ठेवला, तेव्हा मिटलं. सबैनच होतं.

आणि जमिनीचा वाद चालू असेल तर कागद ग्रुपात टाकण्याआधी घरच्यांना विचारा. कोर्टात ग्रुपचं वाचन चालत नाही, अधिकृत लिप्यंतर लागतं.

लोणचंभाकरी:
वाद नाही, आईला विचारलं. मग इथेच सुरुवात करते, हसू नका. पहिल्या कागदाची शेवटची ओळ: 'रुपये ४॥। ? पावले'. पावणेपाच ना?

बोरूवाली:
पावणेपाचच. प्रश्नचिन्हाच्या जागचा फोटो टाका, जवळून.